दोन मतांनी गेलेली पोटनिवडणूक आणि हातात उरलेले सहा दिवस

आपण लिहिलेली हकीकत प्रथम थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाला आहे ते स्पष्ट राहील. कळमेश्वर तालुक्यातील आपल्या गावात ग्रामपंचायतीच्या एका प्रभागात, नागरिकांचा मागास प्रवर्ग महिला या राखीव जागेसाठी पोटनिवडणूक झाली. आधीच्या सदस्यांनी जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही, म्हणून ती जागा रिकामी झाली होती. आपल्या वहिनींना २१४ मते मिळाली, विरोधी उमेदवारांना २१६ आणि ‘नोटा’ला ५. तीन मतदार केंद्रावर पोहोचले तेव्हा त्यांच्या नावावर आधीच मतदान झालेले होते, म्हणून त्यांनी प्रदत्त मतपत्रिकेवर, म्हणजे आपल्याकडे ज्याला टेंडर व्होट म्हणतात त्या कागदावर, मत दिले. एका मृत मतदाराच्या नावापुढेही मतदानाची खूण आहे. मतदान संपताना आपल्या प्रतिनिधीला मिळालेल्या हिशेबात ४३६ मतदार आहेत आणि यंत्राने ४३५ मते दाखवली. फेरमोजणी आपण तोंडी मागितली आणि ती तोंडीच नाकारली गेली. निकालाला नऊ दिवस झाले आहेत. थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावे का आणि ती तीन प्रदत्त मते उघडून मोजली तर निकाल फिरेल का, हे आपले दोन प्रश्न आहेत.

नागपूर जिल्ह्यातील ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या निवडणूक याचिका मी २७ वर्षे चालवत आहे. त्या अनुभवावरून सर्वांत आधी सांगायचे ते मुदतीबद्दल. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १५ प्रमाणे निकाल जाहीर झाल्याच्या तारखेपासून १५ दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे अर्ज करावा लागतो. तो उमेदवार करू शकतो, तसाच त्या निवडणुकीत मतदानाचा हक्क असलेला मतदारही करू शकतो. नऊ दिवस गेले, सहा राहिले. उशीर माफ करून घेऊ, या भरवशावर कृपया राहू नका. निवडणूक याचिकेतील मुदतीकडे न्यायालये साध्या दिवाणी दाव्यातील मुदतीसारखे पाहत नाहीत, आणि कागद जमवता जमवता सोळावा दिवस उजाडल्यामुळे चांगली प्रकरणे दारातच संपलेली मी पाहिली आहेत. शेवटच्या दिवशी न्यायालयाला सुटी असेल किंवा वकील बाहेरगावी असतील, हेही धरून चाला आणि तेराव्या दिवशीच अर्ज दाखल करा.

उच्च न्यायालयात थेट जाण्याचा विचार सोडून द्या. संविधानाच्या अनुच्छेद २४३-ण मध्ये पंचायतीची निवडणूक केवळ निवडणूक याचिकेनेच प्रश्नांकित करता येईल असे स्पष्ट आहे, आणि या तत्त्वाचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १९५२ मधील पोन्नुस्वामी प्रकरणापर्यंत जाते. आपण लिहिले आहे की डिसेंबर २०२५ मध्ये याच नागपूर खंडपीठाने नगरपरिषदांच्या २ डिसेंबरच्या मतदानाची मोजणी २१ डिसेंबरपर्यंत पुढे ढकलली होती, मग आपल्या गावासाठी ते आदेश का देणार नाही. फरक असा की तिथे कोण निवडून आले हा प्रश्नच नव्हता. काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरला व्हायचे होते आणि आधीच्या निकालांचा त्यावर परिणाम होऊ नये, म्हणजेच निवडणूक नीट पार पडावी, यासाठी तो आदेश होता. आपल्याला मात्र झालेला निकाल बदलून हवा आहे. चंदीगडच्या महापौर निवडणुकीचे उदाहरणही आपल्याला लागू पडत नाही. ३० जानेवारी २०२४ च्या त्या निवडणुकीत आठ मतपत्रिका अवैध ठरवल्या गेल्या होत्या. त्यांवरच्या खुणा मतदारांनी नव्हे, खुद्द पीठासीन अधिकाऱ्याने केल्या होत्या, हे चित्रफितीवर दिसत होते. सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारीला त्या मतपत्रिका समोर मागवून पाहिल्या आणि अनुच्छेद १४२ मधील विशेष अधिकार वापरून पराभूत ठरवलेल्या उमेदवाराला विजयी घोषित केले. तसा अधिकार उच्च न्यायालयालाही नाही आणि तसा पुरावा आपल्याकडेही नाही. आपला रस्ता तालुक्याच्या न्यायालयातून जातो.

आता प्रदत्त मतांकडे येतो, कारण आपल्या प्रकरणाचा सारा जीव तिथे आहे. ही मते मोजणीच्या टेबलावर मोजली जात नाहीत. मतदान केंद्राध्यक्ष ती वेगळ्या पाकिटात ठेवून सील करतात आणि मोजणीच्या दिवशी ते पाकीट उघडत नाहीत. त्यामुळे तहसील कार्यालयात निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी ती मोजली नाहीत, यात त्यांची चूक नाही आणि ही तक्रार अर्जात लिहूही नका. ते पाकीट फक्त न्यायालयाच्या आदेशाने उघडते, आणि तो आदेश मिळण्यासाठी आधी हे सिद्ध व्हावे लागते की यंत्रावर त्या नावाने मत देणारी व्यक्ती खरा मतदार नव्हती.

हे सिद्ध कसे होते ते एका जुन्या याचिकेतून सांगतो. काटोलकडच्या एका गावात कापूस वेचून संध्याकाळी चारच्या सुमारास एक बाई मतदानाला आल्या, तर यादीत त्यांच्या नावावर खूण. त्यांनी बोट पुढे केले. डाव्या तर्जनीच्या नखावर शाईचा ठिपकाही नव्हता. केंद्राध्यक्षांनी नियमाप्रमाणे त्यांना प्रदत्त मतपत्रिका दिली. पुढे याचिकेत मतदार नोंदवही उघडली, तेव्हा त्यांच्या अनुक्रमांकापुढे पूर्ण नावाची, शिरोरेषेसह वळणदार सही होती. बाई साक्षीला उभ्या होत्या. समोरच्या वकिलांनी ती सही दाखवून ‘ही तुमचीच ना’ असे विचारले. बाईंनी सहीकडे पाहिले, मग न्यायाधीशांकडे पाहिले आणि उजवा अंगठा पुढे करून म्हणाल्या, ‘साहेब, मी जन्मात अंगठाच लावला.’ त्यांच्या रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकाच्या अर्जावर आणि रोजगार हमीच्या हजेरीपटावर सगळीकडे अंगठाच होता. उलटतपासणी तिथेच थांबली. तोतया मतदानाचा याहून नेमका पुरावा मी पाहिलेला नाही, आणि तो हाती लागला याचे कारण एवढेच की अर्जात त्या बाईंचे नाव, यादीतील अनुक्रमांक, मतदान केंद्र आणि वेळ हे सारे पहिल्याच दिवशी लिहिलेले होते.

आपल्या तिघा मतदारांबाबत हेच करायचे आहे. प्रत्येकाचे वेगळे प्रतिज्ञापत्र घ्या: घरून केव्हा निघाले, केंद्रावर केव्हा पोहोचले, कोणते ओळखपत्र दाखवले, बोटावर शाई होती की नव्हती, केंद्राध्यक्ष काय म्हणाले, सही करतात की अंगठा लावतात. यांपैकी एखादा मतदार त्या दिवशी हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर असेल, तर त्याच्या नावाने यंत्रावर मत पडले त्या सुमाराची कारखान्याची हजेरी नोंद मोलाची ठरते. त्यांनी मत कोणाला दिले हे मात्र विचारू नका आणि लिहूनही घेऊ नका. मताची गुप्तता त्यांचा हक्क आहे, आणि पाकिटातील कागद ते न्यायालयाला सांगेलच.

आता हिशेब करून पाहू. अंतर दोन मतांचे आहे. समजा तीनपैकी एकाच मतदाराबाबत तोतयेगिरी सिद्ध झाली आणि तोतयाचे मत विजयी उमेदवाराला गेले होते असे ठरले, तर २१६ चे २१५ होतात. पाकिटातील खरे मत वहिनींना असेल तर २१४ चे २१५ होतात. म्हणजे एकाच मतदारावर निकाल बरोबरीत येऊ शकतो. अशा वेळी काय करावे हेही कलम १५ सांगते: न्यायाधीशांसमोर चिठ्ठी टाकली जाते आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिला एक मत वाढवून दिले जाते. तिघांबाबतही सिद्ध झाले आणि सारे आपल्या बाजूने पडले, तर २१३ विरुद्ध २१७ असा निकाल होऊ शकतो. मात्र उलटेही होऊ शकते. तोतया आपल्याच बाजूचा निघू शकतो, पाकिटातले मत विरोधकांना असू शकते. गावात कोणी काय केले याची आपल्याला आतून माहिती असते. वहिनींच्या बाजूच्या कोणी असे मत टाकले असेल, तर ते आज घरात बसून, वकिलांसमोर, स्पष्ट बोलून घ्या. न्यायाधीश दोन्ही उमेदवारांच्या मतांची छाननी करतात, एकट्या विजयी उमेदवाराची नाही.

एक अडचण मी लपवणार नाही. कागदी मतपत्रिकेच्या काळात स्थळप्रतीवरील, म्हणजे मतपत्रिका फाडून दिल्यावर मागे उरणाऱ्या भागावरील, क्रमांकावरून तोतयाने टाकलेली मतपत्रिका नेमकी शोधून काढता येत असे. यंत्रात मताशी मतदाराचे नाव जोडलेले नसते, त्यामुळे तोतयाचे मत कोणाच्या खात्यातून वजा करायचे हे सांगणे फार कठीण जाते. म्हणून अर्जात मागणी दुहेरी ठेवावी. पहिली, प्रदत्त मते मोजून वैध मतांची फेरगणना करावी आणि वहिनींना निवडून आलेल्या घोषित करावे. दुसरी, पर्यायी, अवैध मतांची संख्या विजयाच्या अंतराहून अधिक असल्याने निकालावर परिणाम झाला आहे, म्हणून ही निवडणूक रद्द करावी.

अर्जाची भाषा कशी असावी याबद्दल इथे थोडे थांबतो, कारण बहुतेक याचिका तिथेच हरतात. कलम १५ मध्येच असे म्हटले आहे की केवळ निवडणूक अधिकाऱ्यांची चूक, किंवा भ्रष्ट हेतूशिवाय झालेली अनियमितता, एवढाच आधार असेल तर न्यायाधीशांनी निवडणूक रद्द करू नये. गावाकडून येणारे मसुदे मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अधिकाऱ्यांवरच्या रागाने भरलेले असतात. राग समजण्यासारखा आहे, पण तो कलमाच्या नेमक्या या पोटकलमात जाऊन अडकतो. आपला अर्ज दोन उमेदवारांमधील वैध मतांच्या वादाचा असला पाहिजे, आणि मागणी मतांची छाननी व गणना करण्याची असली पाहिजे.

तपशिलाचे महत्त्व मोठ्या निवडणुकांतूनही दिसते. मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात २०२४ मध्ये निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. पराभूत उमेदवारांच्या याचिकेत ३३३ प्रदत्त मतांचा मुद्दा होता, म्हणजे संख्या अंतराच्या जवळजवळ सातपट. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती याचिका साक्षीपुराव्यापर्यंत न जाता फेटाळली, कारण निकालावर परिणाम कसा झाला हे दाखवणारी आवश्यक तथ्ये तीत पुरेशी मांडलेली नव्हती. राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघात २००८ मध्ये एका मताने लागलेल्या निकालाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०११ मध्ये न्यायालयाने सांगितले की याचिकेत ज्या प्रदत्त मतांचा उल्लेखच नाही त्यांच्याबद्दल नंतर मुद्दा काढता येणार नाही. फेरमोजणीबाबतही १९७५ च्या भाभी विरुद्ध शिव गोविंद या निवाड्यापासून नियम तोच आहे: आरोप नेमके हवेत, प्रथमदर्शनी आधार हवा, आणि काही सापडते का हे पाहण्यासाठी पेट्या उघडल्या जात नाहीत. म्हणून तिन्ही मतदारांची नावे आजच अर्जात गेली पाहिजेत. एक नाव आज सुटले तर ते नंतर आत येणार नाही.

मृत मतदाराच्या नावावरील मताचा पुरावा तुलनेने सोपा आहे. ग्रामपंचायतीच्याच मृत्यू नोंदवहीतील उतारा आणि मतदार नोंदवहीतील सही एकमेकांसमोर ठेवली की पुरते. फक्त नामसाधर्म्य तपासा. वडील आणि मुलगा, किंवा चुलत भाऊ, यांची नावे एकाच पानावर असतात आणि खूण चुकून शेजारच्या ओळीवर होते. जिवंत चुलतभावाने आपले हक्काचे मत दिले असेल आणि आपण त्याला तोतया म्हटले, तर साऱ्या अर्जाचीच विश्वासार्हता जाईल.

४३६ आणि ४३५ या फरकावर फार मोठी इमारत उभी करू नका. नोंदवहीत सही केल्यावर एखादा मतदार बटण न दाबता परत फिरतो, तेव्हा केंद्राध्यक्ष शेऱ्याच्या रकान्यात तशी नोंद करतात आणि नोंदवहीतील संख्या यंत्राहून एकाने जास्त दिसते. तो शेरा असेल तर हा मुद्दा संपला. शेरा नसेल तर मुद्दा घ्या, पण दुय्यम म्हणून. यंत्रातील मते नोंदवहीहून जास्त असती तर मी वेगळे उत्तर दिले असते.

फेरमोजणी तोंडी मागितली ही चूक झाली आहे, आणि ती आता पूर्ण दुरुस्त होणार नाही. मोजणीच्या टेबलावर अधिकारी कंट्रोल युनिट, म्हणजे मते साठवणारा यंत्राचा भाग, हातात धरून आकडे दाखवतात, प्रतिनिधी ते कागदावर उतरवतात, आणि काही मिनिटांत सभागृहाबाहेर गुलाल उडतो. त्या काही मिनिटांतच दोन ओळींचा अर्ज लिहून पोच घ्यायची असते. तरीही आपल्या प्रतिनिधींनी त्या वेळी उतरवलेला कागद जपून ठेवा, त्यावर आज नव्याने काही लिहू नका, आणि तिथे हजर असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रे घ्या.

यंत्राचा आकडाच चुकीच्या उमेदवारापुढे लिहिला गेला, असेही घडते. हरियाणात पानिपत जिल्ह्यातील बुआना लाखू गावच्या सरपंच निवडणुकीत, नोव्हेंबर २०२२ मध्ये, एका केंद्राच्या हिशेबातील घोळामुळे प्रत्यक्षात कमी मते मिळालेले उमेदवार विजयी ठरले होते. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये यंत्रे सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात आणून मोजली गेली. मोजणीत १०५१ विरुद्ध १००० असा आकडा आला आणि निकाल फिरला. हे प्रकरण आशादायक आहे, पण त्यातल्या तारखाही पाहा: जवळजवळ तीन वर्षे. पोटनिवडणुकीत निवडून आलेल्या सदस्याला फक्त उरलेला कार्यकाळ मिळतो. आपल्या ग्रामपंचायतीची मुदत त्याआधी संपली तर जिंकलेली याचिकाही कागदावरच राहील. म्हणून अर्जासोबतच जलद सुनावणीची विनंती द्या आणि स्वतः सुनावणी पुढे ढकलायला सांगू नका.

याच्याही आधी, उद्याच, तहसीलदारांना आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी पत्र द्या की या केंद्राचे कंट्रोल युनिट, खुणा केलेली मतदार यादी, मतदार नोंदवही, प्रदत्त मतांची यादी व पाकीट आणि केंद्राचे चित्रीकरण असल्यास ते जपून ठेवावे. दोन्ही पत्रांवर पोच घ्या. यंत्रे पुढच्या निवडणुकीसाठी लागतात आणि तेव्हा त्यांतील माहिती पुसली जाते. त्यामुळे याचिका दाखल होताच पहिल्या तारखेला न्यायालयाकडूनही तसा आदेश मागा.

काही मुद्दे अर्जातून वगळा. बाहेरगावच्या लोकांची नावे यादीत घुसवली, ही तक्रार खरी असली तरी अंतिम झालेल्या यादीची शहानिशा निवडणूक याचिकेत होत नाही. हरकतीचा काळ त्यासाठी असतो. विजयी उमेदवार जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत देतात की नाही, किंवा त्यांच्या घराचे शासकीय जागेवर अतिक्रमण आहे, हे अपात्रतेचे विषय आहेत. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळे जातात. दोन्ही एकत्र केले तर दोन्ही अर्धवट राहतात.

एक गोष्ट आपण लिहिलेली नाही, ती विचारून घ्या. आधीच्या सदस्यांनी आपल्या अपात्रतेला आव्हान दिले आहे का? या जिल्ह्याला पोटनिवडणुकीमागच्या वादांचा अनुभव आहे. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या इतर मागासवर्गीय आरक्षणावरील निकालाने बसलेल्या सदस्यांच्या जागा गेल्या, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये नागपूर जिल्हा परिषदेच्या १६ व पंचायत समित्यांच्या ३१ जागांसाठी पुन्हा मतदान घ्यावे लागले. आपल्या गावात आधीच्या सदस्यांची याचिका प्रलंबित असेल आणि त्या जिंकल्या, तर जागाच रिकामी नव्हती असे ठरू शकते आणि आपल्या दोन मतांचा वाद मागे पडतो. तसे असेल तर तो प्रकरण क्रमांक आपल्या वकिलांना आजच द्या.

कळमेश्वरच्या न्यायालयात जाताना वहिनींना सोबत न्या, कारण अर्जदार त्या आहेत आणि सत्यापनावर, म्हणजे अर्जातील मजकूर खरा असल्याच्या निवेदनावर, सही त्यांचीच लागेल. निकालाच्या घोषणेची प्रमाणित प्रत, नामनिर्देशनपत्राची प्रत, आपल्या मतदान प्रतिनिधीला मिळालेला ४३६ चा हिशेब आणि तिघा मतदारांची प्रतिज्ञापत्रे जवळ असू द्या. रिंगणातील सर्व उमेदवारांना पक्षकार करा, माघार घेतलेल्यांना नको. त्या तिघांपैकी कोणी दिवाळीनंतर कामासाठी पुण्याकडे किंवा सुरतेकडे जाणार असेल, तर त्याचे प्रतिज्ञापत्र सर्वांत आधी करून घ्या.